जटावाल्यांचं संगीत नाटक

भावोजी गेल्याची बातमी मला पुण्यात, लेकीच्या शेजाऱ्यांच्या फोनवर कळली. तिच्या बाळंतपणासाठी मी तिथे गेले होते. पीठ मळता मळता तशीच उठून, हाताला कणीक लागलेली असतानाच धावत गेले. पलीकडे आमचे हे होते, पण नुसतंच "हॅलो... हॅलो..." चाललेलं. त्यांच्या पाठीमागून मात्र आमच्या लोणावळ्याच्या शेजाऱ्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "सांगा, माधवराव गेले म्हणावं. दुपारी झोपेतच गेले म्हणावं. काही त्रास झाला नाही म्हणावं." यांच्या तोंडून त्यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही, तरी मला सगळं कळलं. डोळ्यांना धार लागली होती आणि मनात आलं, जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली या माणसाने, आणि त्याच्या मरणाची वाक्यंही आज कुणीतरी मागून पुरवतंय! भावोजी तिथे असते तर नक्की म्हणाले असते, "वहिनी, प्रॉम्प्टिंग जरा मोठ्याने झालं."

माधव हा माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा तो नुकताच स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात चिकटला होता. वयाने माझ्याएवढाच. पहिले काही दिवस मी त्याला "अहो भावोजी" म्हटलं की तो मागे वळून बघायचा, आणखी कुणी आलंय की काय म्हणून. दिवसभर चिक्कीची खोकी आणि करवंदांच्या पाट्या वजन करून गाडीत चढवायच्या आणि संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाटकाच्या तालमीला हजर राहायचं, हा त्यांचा क्रम. काम कुठलं? तर प्रॉम्प्टरचं. विंगेत पडद्याला चिकटून उभं राहायचं, हातात वही, आणि ज्याचं वाक्य अडेल त्याला ते हळूच द्यायचं. सगळ्या संगीत नाटकांचं गद्य त्यांना पाठ होतं, पदांच्या जागा पाठ होत्या, कुठे टाळी पडते तेही पाठ. एकदा गणपतीतल्या प्रयोगाला नायकाचा घसा बसला, तेव्हा सगळ्यांनी मिळून भावोजींनाच रंगवून पुढे ढकललं. भावोजी रंगमंचावर गेले आणि जे गप्प उभे राहिले ते राहिलेच. एक अक्षर फुटेना. घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, सगळं तर पाठ होतं ना तुम्हाला?" तर म्हणाले, "होतं ना! पण विंगेत कुणीच नव्हतं."

लग्नाचा विषय मी किती वेळा काढला असेन. मुली दाखवल्या, फोटो आणले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "नायिका पसंत आहे वहिनी, पण नायकाचं काम काही आपल्याला जमायचं नाही." शेवटी मी नाद सोडला. ते आमच्याच घरी राहिले, आमच्या मुलीला खांद्यावर घेऊन भुशी धरणापर्यंत फिरवून आणलं, तिच्या शाळेच्या गॅदरिंगलाही खिडकीबाहेर उभं राहून वाक्यं पुरवली. मी रागावले, की असे चेहरा पाडून बसायचे की मलाच हसू फुटायचं.

घरी किल्लीचा ग्रामोफोन होता आणि त्यावर नाट्यपदांच्या तबकड्या लागायच्या. पण भावोजींना नुसतं पद ऐकवत नसे. तबकडी संपून दुसरी लावेपर्यंत जी शांतता पडते ती त्यांना सोसायची नाही. तेवढ्या वेळात ते मधलं गद्य म्हणत. नायिकेचं, नायकाचं, विदूषकाचं, सगळ्यांचं, त्याच दबक्या विंगेतल्या आवाजात. त्यामुळे आमच्याकडे पदं ऐकायला येणारा माणूस नाटक बघून जायचा. पुढे आम्ही वलवणच्या रस्त्याला स्वतःचं छोटं घर बांधलं आणि भावोजींनी विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर घेतला, तरी ही सवय तशीच राहिली.

या घरात दूध यायचं ते हौसाबाईचं. वलवणच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. दोन म्हशी, खाचरात भात, नवरा लवकर गेलेला, आणि एकुलता एक मुलगा किसन मराठा पलटणीत. रोज सकाळी डोक्यावर चरवी घेऊन ती उतरायची, धरणाकडच्या बंगल्यांना रतीब घालत घालत शेवटी आमच्याकडे यायची. मग पायरीवर बसून चहा. त्या बंगल्यांपैकी एक शिरीनबाईंचा. या पारशी बाई मुंबईच्या, पण नवरा गेल्यापासून इथेच राहायच्या. त्यांचं सामान सारखं पार्सलने यायचं आणि भावोजी ते जिवापाड जपून उतरवून घ्यायचे. भावोजींचं नाटकवेड त्यांच्या कानावर गेलं, आणि एका उन्हाळ्यात त्यांनी दोन मोठ्या लाँग प्ले तबकड्या पिशवीत घालून त्यांना देऊन टाकल्या. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवल्या होत्या. "हे तुमच्यासारखाच संगीत नाटक आहे," म्हणाल्या, "मी खूप ऐकला, आता तू ऐक." आल्यागेल्याने उचलून नेऊ नयेत म्हणून त्यांनी तबकड्यांच्या मधोमध आपल्या बंगल्याच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवून टाकल्या होत्या, त्यामुळे खाली काय छापलंय ते दिसत नव्हतं. वेष्टनावर मात्र केस खांद्याच्याही खाली आलेली पंधरावीस पोरंपोरी, कपाळाला पट्ट्या बांधून, गळ्यात माळा घालून उड्या मारत होती. आमच्या घरात त्याचं नाव पडलं "जटावाल्यांचं नाटक", आणि तेच टिकलं.

पहिल्यांदा ते लावलं ती रविवारची सकाळ होती. मी ओसरीवर सांडगे घालत होते, हौसाबाई चरवी विसळून मिळायची वाट बघत पायरीवर बसली होती. तबकडीवर सुई टेकली आणि एकदम सगळे मिळून गायला लागले. भावोजी ताडकन उभे राहिले, हात जोडले, आणि मला म्हणाले, "उठा वहिनी, नांदी आहे. नांदीला बसायचं नसतं." मी पिठाने माखलेले हात तसेच वर धरून उभी राहिले. पुढे तो दंडकच झाला, अमेरिकेतली नांदी लागली की आमच्या ओसरीवर सगळे उभे. मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण ते इंग्रजी वेगळं आणि हे वेगळं. ढोल, गिटार, मध्येच कुणीतरी जीव खाऊन ओरडतंय, त्यात चार शब्द हाताला लागले तर लागले. भावोजींना त्याचं काहीच वाटलं नाही. पदं कळोत न कळोत, पदांच्या मधे गद्य असलंच पाहिजे, आणि ते नसेल तर प्रॉम्प्टरने द्यायचं, हा त्यांचा हिशेब. जाड, मऊ आवाजाचा एक मुलगा होता, त्याचं नाव जॉन असावं असं ठरवून त्यांनी त्याचा जनार्दन केला. एक मुलगी होती, ती मैना. रेल्वेच्या पडक्या यार्डात ही सगळी जटावाली पोरं राहतात, गातात, नाचतात, असं त्यांनी पहिल्या बाजूवर सांगितलं.

मग त्यांनी तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूला रंगच वेगळा. बिगुल वाजलं, पलटणीचे ढोल वाजले. "जनार्दनला लढाईवरून बोलावणं आलं," भावोजी कुजबुजले. जनार्दन संथ सुरात एकटाच गायला लागला आणि गाता गाता मध्येच, शब्द अर्धा असताना थांबला. त्यानंतर मैनेचं रडतं पद, आणि शेवटी सगळ्यांची नुसती गुणगुण, कुठलंही वाद्य नाही. मला भरून आलं. "गेला हो," मी म्हटलं. मग भावोजींनी दुसरी तबकडी लावली, आणि बघतो तर काय, जनार्दन हसत हसत गातोय! तोच मऊ आवाज, शंकाच नाही. मी भावोजींच्या तोंडाकडे बघितलं. क्षणभरच ते अडखळले, मग हात झटकून म्हणाले, "प्रेत दाखवलं का? नाही ना? मग मेला कशावरून? आपल्या नाटकांत नाही का, गेला म्हणून सगळे रडतात आणि तिसऱ्या अंकात तो वेष पालटून दारात उभा!" पुढे शेवटपर्यंत नाचगाणंच होतं, त्याचं त्यांनी जनार्दन-मैनेचं लग्न करून टाकलं. हौसाबाई पदर कानामागे खोचून ऐकत होती. "आसं हाय व्हय," एवढंच म्हणाली आणि मशीनकडे बराच वेळ बघत बसली.

त्या वर्षी थंडीत बांगलादेशची लढाई झाली. रस्त्यावरचे दिवे बंद, काचांना काळे कागद, स्टेशनवर पलटणीच्या गाड्यांना चहा-चिक्की देणाऱ्यांची गर्दी. लढाई संपली, आपण जिंकलो, गावात पेढे वाटले. आणि मग एके सकाळी हौसाबाई चरवीबरोबर तार घेऊन आली. मी वाचली. किसन बेपत्ता.

"म्हंजी काय, बाई?"

"सापडत नाही असा अर्थ, हौसाबाई."

"मेला आसं न्हाई ना ल्हिलं?"

"नाही."

तिने तार परत घेतली, घडी घालून चोळीत ठेवली आणि दूध मापून दिलं. पुढच्या रविवारी दुपारी ती पुन्हा आली, दुधाची वेळ नसताना. पायरीवर बसली आणि भावोजींना म्हणाली, "भाऊ, ते जटावाल्यांचं लावा."

भावोजींनी लावलं. नांदीला ती सगळ्यांबरोबर उभी राहिली. बिगुल वाजलं तेव्हा तिने पायरीची कड घट्ट धरली. जनार्दनचा आवाज मध्येच तुटला, मैना रडली, आणि भावोजींनी दुसरी तबकडी लावेपर्यंत एक शब्द उच्चारला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. मग तो आवाज परत आला. हौसाबाई म्हणाली, "आला बघा." बस. चहा घेतला आणि डोंगर चढून गेली. त्यानंतर दर रविवारी ती यायची. पाऊस असो, भाताची लावणी असो, इरलं पांघरून यायची आणि पायरीवर न बसता आत दाराशी बसायची. त्या वाडीतल्या लोकांनी, भावकीने, सगळ्यांनी किसनचा नाद सोडला होता, कुणी तर दिवस घालायचंही सुचवलं. तिने त्यांना सांगितलं, "प्रेत दावलंय का? न्हाई ना? मंग!"

हे ऐकलं तेव्हा मी घाईने विषय बदलला. कारण त्या आधीच एक घोटाळा झाला होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शिरीनबाई आपली एक खुर्ची पार्सलने आली का ते विचारायला आमच्याकडे आल्या, तेव्हा भावोजी एकटेच ते नाटक ऐकत होते. बाई फाटकातूनच ओरडल्या, "अरे माधव, तू उलटा काय लावते?" मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या मोठ्या रेडिओग्राममध्ये दोन्ही तबकड्या एकावर एक चढवून ठेवायच्या असतात. पहिलीची एक बाजू वाजली की दुसरी आपोआप वरून पडते आणि तिची एक बाजू वाजते, मग दोन्ही मिळून उलटायच्या, की आधी दुसरीची मागची बाजू वाजते आणि सगळ्यात शेवटी पहिलीची. म्हणजे पहिल्या तबकडीच्या मागे नाटकाचा दुसरा भाग नव्हताच, तिथे शेवट होता. भावोजींनी ओल्या बोटाने ती चिठ्ठी सोडवली, तर खाली चारचा आकडा छापलेला. आम्ही आपले मराठी रिवाजाने एक तबकडी दोन्ही बाजूंनी संपवून मग दुसरी लावत होतो. सगळा आनंद आधीचा होता. जनार्दन लढाईत मरतो आणि तिथेच नाटक संपतं.

शिरीनबाई खुर्चीची चौकशी करून गेल्या. भावोजी मात्र त्या चारच्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांचं दुःख काय होतं ते मला कळत होतं. लेखकाच्या शब्दाला धक्का लावलेला त्यांना कधी खपला नाही. टाळीसाठी शेवटचं वाक्य बदललं म्हणून एका चांगल्या नटाशी त्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला होता. आणि आता रविवार जवळ आला होता, हौसाबाई येणार होती. सरळ लावावं तर तिच्या डोळ्यांदेखत पोरगा मरणार, आणि परत यायचा नाही. उलटं लावावं तर आता ते जाणूनबुजून. आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शनिवारी ड्यूटीवरून उशिरा घरी आले, पायजम्याला पोटरीपर्यंत कुसळं. "कुठे गेला होता?" म्हटलं, तर "असंच, फिरायला" म्हणाले.

रविवारी हौसाबाई येऊन बसली. मी हातातलं काम टाकून दारात उभी राहिले. पहिली बाजू संपली. भावोजींनी तबकडी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि ती तशीच उलटून लावली. बिगुल वाजलं... जनार्दन गेला... आणि दुसऱ्या तबकडीवर परत आला. त्या दिवशी भावोजींनी गद्य इतकं रंगून म्हटलं की मैनेच्या बापाचं एक नवीन पात्रही आलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. त्या दिवसापासून मीही त्या गुपिताची राखण करायला लागले. आमच्या यांनी एकदा हौसाबाईसमोर बोलता बोलता "पण शिरीनबाई तर म्हणाल्या..." असं सुरू केलं, तेव्हा मी डोळे असे वटारले की ते पाणी प्यायला आत गेले. त्या चारच्या आकड्यावर मी स्वतः नवीन कागद डकवला. हौसाबाई निरक्षर, तिला आकडा वाचता आला नसता, हेही मला सुचलं नाही.

वर्ष असं रविवारांनी गेलं. मग कळलं की किसन जखमी होऊन शत्रूच्या कैदेत होता, जिवंत आहे. आणि कैदी सुटून आले तेव्हा तोही आला. एका पायाने थोडा लंगडत, गालफडं बसलेली, पण आला. हौसाबाईने खरवस आणला आणि किसनला घेऊन रविवारीच आमच्याकडे आली. भावोजींनी त्याला ओसरीवर आपल्या खुर्चीत बसवलं आणि नाटक लावलं. बिचारा पोरगा नांदीला आईच्या सांगण्यावरून उठून उभा राहिला, काही कळेना त्याला. दुसऱ्या तबकडीवर जनार्दन गायला लागल्यावर त्याने विचारलं, "आये, ह्यो कोन गातोय?" ती म्हणाली, "तुज्यासारकाच येक." भावोजींना त्या दिवशी पुढचं गद्य सुचलं नाही. मी खरवसाच्या वड्या पाडायच्या निमित्ताने आत गेले आणि चांगली मोकळी रडून घेतली.

त्यानंतरही रविवार चालू राहिले, किसनचं लग्न झालं, सून यायला लागली. मी एकदा भावोजींना म्हटलं, "आता तरी सरळ लावा एकदा. लेखकालाही बरं वाटेल." ते म्हणाले, "लेखकाला कळवलंय मी. त्याची हरकत नाही." असा हा माणूस. भरल्या घरात, कुणाला ताप न देता, दुपारच्या झोपेत गेला. मला वाईट वाटतं ते माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही. त्यांचं छान झालं.

मी पुण्याहून आले, दिवसपाणी उरकलं, पाहुणे पांगले आणि मागच्या आठवड्यात हौसाबाई भेटायला आली. आता दूध सून घालते, ही थकलीय. चहा घेऊन दोघी ओसरीवर बसलो. मग ती म्हणाली, "बाई, येक सांगू का? आता भाऊ न्हाईत म्हून सांगते. ते नाटक उलटं लागतंय, मला ठावं व्हतं."

"तुला? केव्हापासून?"

"पयल्यापासनं. शिरीनबायच्या बंगल्यावर म्या दूद घालायची न्हवं? तितं कैकदा ऐकलं व्हतं. त्याच बोलल्या, ह्यो पोरगा लढाईत मरतो. तितं शेवटाला मरायचाच. तुमच्याकडं ऐकलं तवा म्हनलं, ह्ये नवलच, मरून बी गातोय. म्हनलं आसंल, ह्या घरात येत आसंल माघारी. मंग किसनाची तार आली. तवा मला ह्येच घर बरं वाटलं."

"आणि भावोजींना वाटत होतं की तुला..."

"न्हाई वो! शिरीनबाय येऊन गेल्या त्या शनवारी भाऊ वाडीवर आलतं की. घामानं निथळत. हात जोडून म्हनलं, हौसाबाई, माजी चूक झाली, उलटं लावत व्हतो. म्या म्हनलं, मला ठावं हाय भाऊ. तुमी उलटंच लावा."

"अगं, मग मला का नाही सांगितलंत दोघांनी? मी इतकी वर्षं यांना गप्प करतेय, कागद काय डकवतेय..."

हौसाबाईने तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. "भाऊच म्हनलं, वैनीला सांगू नगा. मास्तरीन हाय ती. लगीच सरळ लावील."

भावोजी गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता हुंदके कधी सुरू झाले ते कळलंच नाही. हौसाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाली, "लावता का, बाई? बसलेय मी."

मी उठले. मशीनवरचं फडकं काढलं, सुई पुसली. नांदी लागली आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो. पहिली बाजू संपली, सुई आत खरखरायला लागली. मी तबकडी उचलली आणि उलटून लावली.